चेकिंग टेबल

एकोणीस वर्षं मी टॉवेल तपासते,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ट्यूबलाइटखाली,
दिवसाला सहाशे नग.
तुटलेला लूप डोळ्याआधी बोटाला कळतो,
तेलाचा डाग नाकाला.

माझेच पाय मात्र दिसले नाहीत.
जोडवी कापून काढताना सोनार म्हणाला,
ताई, वजन वाढलं.
वजन घटलं होतं. पाणी वाढलं होतं.
नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा
आणि चहा संपला तरी भरायचा नाही.

किडनी, म्हणाले पहिले डॉक्टर. लघवीत काहीच निघालं नाही.
लिव्हर, म्हणाले दुसरे,
आणि दारूचं विचारताना राजेशमकडे बघितलं.
हार्ट, म्हणाले तिसरे. हार्ट बिचारं आपल्या हिशोबात होतं.
मग टीबी. सापडला कुठंच नव्हता,
पण जुलाब इतके लांबले म्हणजे तोच असणार.
सहा महिने गोळ्या, केशरी लघवी,
आणि पिशवीतल्या प्रत्येक कागदावर
गोल केलेला एकच आकडा:
अल्ब्युमिन, एक पूर्णांक आठ.
खाल्लेलं जातंय कुठं,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अत्ता ताटात शेंगाचटणी वाढायची,
ताकद येईल म्हणून. चटणीवर तेल, तेलावर अजून तेल.
मी वद्दु म्हणायचे, ती वाढायची.
तिची माया आणि माझा संडास
एकाच ताटातून निघायचे.

हत्तुरेबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या.
पिशवी बाजूला ठेवून म्हणाल्या,
तेलकट खाल्लं की जास्त होतं का?
चार वर्षांत पहिल्यांदा.
मग दुर्बिणीच्या आदल्या रात्री
मुद्दाम लोणी खायला लावलं,
चोराला वाट मोकळी ठेवावी तसं.

मी अर्ध्या गुंगीत. पडद्यावर माझं आतडं:
गुलाबी टेरी टॉवेल, ओला,
आणि लूपांच्या टोकांना पांढरे ठिपके,
रवा सांडल्यासारखे.
मी म्हणे मोठ्यानं बोलले,
हा नग बाजूला काढा.
नर्स हसली. बाई हसल्या नाहीत.
तुकडे काढून तपासायला पाठवले.

आजाराचं नाव एका ओळीत मावलं नाही.
बाईंनी कागदाच्या मागं एक लूप काढला, त्यात एक नळी.
चरबी उचलून नेते ही.
तुमच्या नळ्या फुगल्यात, पुढं वाट नाही,
मग फुटतात, आणि प्रथिनं आतड्यात सांडतात.
बहुतेक लहान मुलांत दिसतो हा. तोही क्वचित.
मग बेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडं कशाला आला?
माहीत नाही, म्हणाल्या.
इतक्या सरळ कुणी बोललंच नव्हतं,
मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

उपचार म्हणजे तेल बंद,
आणि तेलच सुरू.
हे वेगळं, पुण्याहून येतं, नळीत न शिरता
थेट रक्तात उतरतं.
तळायचं नाही, चमच्यानं मोजून वरून घालायचं.
बाटलीची किंमत सांगत नाही.
राजेशम रात्रपाळी करतो.
अंड्याचं पांढरं मला, पिवळं धाकट्याला,
महिन्याला व्हिटॅमिनचं इंजेक्शन.
किती दिवस? असं विचारलं तर
बाई कॅलेंडरकडे बघत नाहीत.

भोगीला अत्तानं माझ्या भाकरीवरचे तीळ
सुरीनं एकेक खरवडून काढले,
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, तासभर.
त्याच आठवड्यात सिद्धेश्वराच्या
अडुसष्ट लिंगांना तेल लागलं.
मी लांबून वास घेतला. पुरला.

परवाचा आकडा दोन पूर्णांक सात.
बाईंनी तो गोल केला नाही.
खड्डा अजून पडतो, उथळ.
जोडवी सोनाराकडे सांधायला टाकलीत.
घाई नाही, म्हटलं त्याला.